शटर कारेलीबागेत, फोन गावभर

२०२५ च्या जुलैतला एक शनिवार. बडोद्यात कारेलीबागेतल्या एका टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र घराच्या, गाडी ठेवायच्या जागेचं शटर सकाळी सव्वाआठला दोन फूट वर गेलं, आत कुठेतरी ‘खण्ण’ असा आवाज झाला आणि ते दाणकन खाली आलं. त्यानंतर दोघांनी मिळून उचललं तरी वीतभरही हलेना. गाडी आत. साडेनऊला काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, मोतीबिंदूनंतरची पहिली तपासणी होती. ती रिक्षाने जाऊन झाली. शटरचा घोळ मात्र पुढे दीड महिना चालला.

काका-काकू म्हणजे माझ्या गल्लीतले शेजारी. मी हिशेबखात्यातून निवृत्त झालो आहे. ओळखीच्या लोकांना ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देतो, फी घेत नाही, चहा घेतो. या प्रकरणात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या डिरेक्टरीला (कारागिरांचे नंबर देणाऱ्या फोन सेवेला) फोन करून हे सगळं सुरू झालं तिचा नंबर काकांना मीच दिला होता. ‘एक फोन करा, दहा माणसं मिळतील,’ असं म्हणालो होतो. वीस मिळाली.

पहिला फोन

डिरेक्टरीच्या मुलीने विचारलं, कोणती सेवा हवी? काका म्हणाले, ‘गॅरेज रिपेअर.’

काकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या घरात ती जागा गेली तीस वर्षं ‘गॅरेज’च आहे. पण आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे गाडी दुरुस्त होते ती जागा. परदेशात गॅरेजचं दार दुरुस्त करणारे वेगळे धंदेवाले असतात, त्यांची वेगळी यादी असते. आपल्याकडच्या यादीत तो शब्द टाकला की मेकॅनिक येतात. मुलीने शब्द ऐकला, खाना निवडला, एसएमएस पाठवला.

एसएमएस उघडायच्या आत फोन वाजायला लागला. काकूंना पाहुण्यांचे, दुधाचे, गॅसचे हिशेब कॅलेंडरच्या पानामागे लिहायची सवय आहे. ऑपरेशनमुळे डोळ्यावर काळा चष्मा, म्हणून त्यांनी नातवाचं जाड स्केचपेन घेतलं आणि जुलैच्या पानामागे मोठमोठ्या अक्षरांत तीन रकाने आखले: वेळ, नाव, काय म्हणाला. हे पान पुढे आमच्या फार उपयोगी पडलं. चाळीस मिनिटांत अकरा फोन. त्यातले आठ गाडी दुरुस्तीवाले, एक टोइंगवाला (‘सर, गाडी कहाँ खडी है?’ काका म्हणाले, ‘गॅरेज में.’ तो गोंधळून म्हणाला, ‘तो फिर प्रॉब्लम क्या है?’), एक घरी येऊन गाडी धुणारा आणि एकाने विचारलं की गॅरेज भाड्याने द्यायचं आहे का.

काकांचा नंबर कित्येक वर्षं १९०९ वर नोंदवलेला आहे, जाहिरातीचे फोन नकोत म्हणून. ते चिडून मला म्हणाले, मग हे कसे येतात? येतात, कारण चौकशी आपण केलेली असते. आपणच ‘मला फोन करा’ म्हटल्यासारखं ते धरतात.

दुसरा फोन

दुपारी मी काकांच्या शेजारी बसलो आणि ‘शटर रिपेअर’ म्हणून पुन्हा नोंदवलं. आणखी नऊ फोन आले. या वेळी सगळे शटरवाले. निदान तसं म्हणणारे.

इथे डिरेक्टरी कशी चालते ते सांगायला हवं, कारण माझ्यासकट बहुतेकांना वाटतं की ती फोनची जाडजूड पिवळी वही आहे, फक्त मोबाइलवर आलेली. त्या वहीत नाव असलं की झालं, पुढचं आपलं आपण. इथे तसं नाही. फुकट नोंदणी करणारे खाली असतात, पैसे भरणारे वर. आपली चौकशी एकाच वेळी अनेक पैसे भरणाऱ्यांच्या फोनवर जाते. म्हणजे विकली जाते ती आपली निकड. ज्याने ती विकत घेतली त्याला ती वसूल करायची असते, म्हणून तो मिनिटभरात फोन करतो. सगळ्यात आधी ज्याचा फोन येतो तो सगळ्यात जवळचा किंवा सगळ्यात चांगला कारागीर नसतो. तो फोनपाशी बसलेला माणूस असतो. आणि खरा कारागीर कामाच्या वेळी फोनपाशी बसलेला नसतो, शिडीवर चढलेला असतो.

काकूंच्या पानावर तीन वेगवेगळ्या नावांपुढे एकच शेरा होता: ‘तोच आवाज.’ आम्ही हसलो. त्यांनी ठासून सांगितलं की तिन्ही वेळा मागे तोच टीव्ही चालू होता. यातल्या एकाचा पत्ता बडोद्यातल्याच अलकापुरीचा होता. मी त्याला म्हटलं, मुक्तानंद सर्कलपासून आत या. तो म्हणाला, ‘लोकेशन भेज दो सर.’ अलकापुरीत दुकान असलेल्या माणसाला कारेलीबागेतलं मुक्तानंद सर्कल माहीत नाही? मला तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याच्या नावापुढे ‘व्हेरिफाइड’ची निळी खूण होती, आणि काका म्हणाले, येऊ तर दे. ती खूण फोन नंबर आणि एखादा कागद तपासल्याची असते. हात तपासल्याची नसते.

काम

संध्याकाळी स्कूटरवर दोन मुलं आली. शिडी नव्हती, ती आमच्याकडून घेतली. ‘व्हिजिट’चे २९९ रुपये आधी, ‘बिलात वजा होतील’ म्हणून. मग अंदाज: दोन स्प्रिंगा, दोन बेअरिंगं, तेल-पाणी, मिळून ६,५०० आणि वर जीएसटी. तीन हजार आगाऊ, यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, भलत्याच कुणा व्यक्तीचं होतं. मुलं म्हणाली, ‘शेठचं खातं.’

दीड तासात काम झालं. शटर वर गेलं, खाली आलं. काका खूश. काढलेलं जुनं सामान ‘भंगारात देतो’ म्हणून मुलं घेऊन निघाली होती. काकूंनी त्यातली एक स्प्रिंग ठेवून घेतली. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. ‘आपल्या घरची आहे,’ एवढंच.

बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, रंगीत, वर लोगो. ६,५०० वर अठरा टक्के, म्हणजे १,१७०; एकूण ७,६७०. २९९ वजा झालेच नव्हते. माझी जुनी खोड, मी जीएसटी क्रमांकाची अक्षरं मोजली. पंधरा असावी लागतात: पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातला २४, मग दहा अक्षरी पॅन, मग उरलेली तीन. या बिलावर चौदाच होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही क्रमांक टाकून करदाता शोधता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. चौदा अक्षरांचा करदाता तिथे कुठून निघणार? म्हणजे १,१७० रुपये कर म्हणून घेतले आणि ते सरकारकडे जाण्याचा रस्ताच नव्हता. पण हे मी मोजलं तोवर उरलेले ४,६७० काकांनी पाठवून टाकले होते.

गुरुवारी सकाळी शटर पुन्हा अर्ध्यावर तिरकं अडकलं. या वेळी गाडी बाहेर होती, एवढंच नशीब.

‘शेठ’ने दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी: ‘वो लड़का गाँव गया है, सर.’ मग पुन्हा नाही.

आता पेच असा होता. शटर उघडं-तिरकं ठेवता येत नाही, पावसाळा आहे आणि आत गाडी लावायची आहे. आणि दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं तर पहिल्याने काय केलं होतं त्याचा पुरावाच उरत नाही. असे अर्ज लिहिताना मी हे पुष्कळदा पाहिलं आहे, लोक वैतागून दुरुस्ती करून घेतात आणि मग तक्रार करतात, तेव्हा समोरचा म्हणतो, तुमच्या नव्या माणसाने बिघडवलं. म्हणून आधी व्हिडिओ घेतला, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलं, स्प्रिंगांचे जवळून फोटो काढले, आणि मग माणूस शोधायला निघालो.

रावपुरा, रात्री साडेदहा

दुसरी डिरेक्टरी वापरायची माझी हिंमत नव्हती. सुचलं ते काकूंना. त्या म्हणाल्या, ‘दुकानांना शटर असतात ना? त्यांची कोण करतं?’

दुकानं उघडी असताना शटर दिसत नाही, वर गुंडाळलेलं असतं. ते वाचायचं तर रात्री जायला हवं. साडेदहाला मी आणि काका स्कूटरवर रावपुऱ्यात गेलो, तिथून दांडिया बाजारापर्यंत पायी. आयुष्यभर या रस्त्यावरून गेलो आहे, पण बंद शटरांवर काय लिहिलंय हे कधी वाचलं नव्हतं. जवळपास प्रत्येक शटरच्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छाप्याने काळ्या किंवा लाल रंगात मारलेलं: ‘शटर रिपेअर’, आणि पुढे नंबर. काही इतके जुने की सहा आकडी, म्हणजे लँडलाइनच्या पुढे २ लागायच्या आधीचे. काहींवर एकावर एक तीन छापे. दोन नंबर मात्र पुन्हा पुन्हा दिसत होते, जुन्या पुसट रंगातही आणि ताज्या रंगातही. आम्ही त्यातला एक घेतला. इतकी वर्षं त्याच गल्लीत त्याच दुकानदारांच्या शटरवर स्वतःचा नंबर ठेवून राहणारा माणूस पळून जाणारा नसावा, असा आमचा हिशेब.

छापे कुणीही मारू शकतं, दुकानदाराला न विचारता रात्री मारतात, हे मला मान्य आहे. म्हणून सकाळी जाऊन त्यातल्या दोन दुकानदारांना विचारलं. एक म्हणाला, ‘ओळखत नाही, कुणीतरी छापून गेलं.’ दुसरा म्हणाला, ‘माझं तोच करतो. उशिरा येतो, पण येतो.’

तो उशिराच आला. पन्नाशीचा माणूस, मोपेडला बांधलेली शिडी, ज्यूटच्या पिशवीत नट-बोल्टचे पाने. शटरला हातसुद्धा न लावता तो आधी खाली उकिडवा बसला आणि बाजूच्या चॅनेलमध्ये, म्हणजे ज्या खाचेतून शटरच्या पट्ट्या सरकतात तिच्यात, लांब स्क्रूड्रायव्हर घातला. खरवडून बाहेर काढलं ते पाहून मी थक्क झालो. पिवळट करड्या मातीची सुकलेली वडी, बोटभर जाड. तिच्यावर पट्टीच्या कडेचा ठसा स्पष्ट उठलेला. दोन्ही बाजूंना मिळून त्याने तसली दोन-अडीच किलो माती काढली.

ती विश्वामित्रीची माती होती. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या पुरात नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली, तेव्हा या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. मगरी सोसायट्यांत आल्या होत्या ते सगळ्या देशाने पाहिलं. शटरांच्या खाचेत गाळ बसला ते कोण पाहणार. आम्ही पूर ओसरल्यावर गाडी धुतली, फरशी धुतली, भिंती रंगवल्या. चॅनेलकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

रोलिंग शटर वर ज्या पाइपाला गुंडाळलं जातं त्यावर स्प्रिंगा असतात. शटर खाली येताना त्यांना पीळ बसतो, आणि उचलताना तोच पीळ सुटत आपल्याला हात देतो. काकांचं शटर नऊ फूट बाय सात फूट, १८ गेज जाडीच्या पट्ट्यांचं. त्याचं वजन पाऊणशे किलोच्या घरात. तरी रोज सकाळी सत्तरीतला माणूस ते एका हाताने उचलत होता, कारण बहुतेक भार स्प्रिंग पेलत होती. चॅनेलमध्ये गाळ घट्ट झाला तसं घर्षण वाढलं. काका जास्त जोर लावू लागले, शटर धक्क्याने वर-खाली होऊ लागलं, त्यात स्प्रिंगला पुराचा गंज. जवळजवळ वर्षभर तिने हे सोसलं आणि जुलैत तुटली. पहिल्या मुलांनी तुटलेली स्प्रिंग बदलली, ती का तुटली हे पाहिलंच नाही. गाळ होता तिथेच होता. त्यांनी त्यावर वंगण मात्र भरपूर ओतलं होतं, त्यात आणखी धूळ चिकटली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या शटरवाल्याने पीळ नीट धरून सावकाश सोडला (हे काम घरी करू नये, ताणलेल्या पिळाने मनगट मोडतं), स्प्रिंग खाली आणली, अंगठ्याच्या नखाने तिच्यावर ओढलं. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली तांबडा गंज. ‘काका, आ तो जूनी छे. कलर मारेलो छे.’ कुणाच्या तरी शटरची काढलेली स्प्रिंग चांदीचा रंग देऊन इथे बसवली होती. आणि दुसरी? दुसरी बदललीच नव्हती. काकांची मूळचीच होती, पुसून परत लावलेली. काकूंनी ठेवून घेतलेली स्प्रिंग आणली, तिची तार आणि वर उरलेलीची तार एकाच जाडीची, एकाच जुन्या घडणीची निघाली. जोडी जुळली.

त्याने चॅनेल साफ केले, रॉकेलने पुसले, कोरडेच ठेवले. दोन नव्या स्प्रिंगा, एक बेअरिंग. सगळे मिळून ३,४०० रुपये.

मी बिल मागितलं. तो हसला. बिलबुक त्याच्याकडे नव्हतं, कधीच नव्हतं. हे सांगताना मला अवघडतं, कारण कायद्याने बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि मी ते दरवेळी लोकांना ऐकवतो. शेवटी मीच साध्या कागदावर लिहिलं: तारीख, काढलेल्या स्प्रिंगांची स्थिती, चॅनेलमधला गाळ, नवीन काय बसवलं, किती घेतले. त्याला गुजरातीत वाचून दाखवलं. त्याने एक शब्द बदलायला लावला, ‘तुटेली’ नाही, ‘खवायेली’, म्हणजे गंजाने खाल्लेली. आणि खाली गुजरातीत सही केली. लोगो असलेलं रंगीत बिल खोटं आणि हा चतकोर कागद खरा, असा उलटा कारभार.

तक्रार

‘शेठ’ला आणि डिरेक्टरीला अशा दोन चिठ्ठ्या पाठवल्या. डिरेक्टरीचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: आम्ही फक्त माहिती देतो, व्यवहार तुमच्या दोघांतला. हे उत्तर ऐकून बहुतेक लोक गप्प बसतात. बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक सेवा पुरवठादार’ अशी व्याख्या आहे, आणि तिच्यात विक्रेत्याला वस्तू किंवा सेवेची जाहिरात करता यावी म्हणून तंत्र पुरवणाराही येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं आहे. डिरेक्टरी यात नेमकी किती बसते यावर वकील वाद घालतील. पण पत्रात हे लिहिलं की उत्तर देणारा माणूस बदलतो, हा माझा अनुभव. आम्ही सोबत काकूंच्या पानाचा फोटोही जोडला. तीन नावांपुढे ‘तोच आवाज’. एकाच माणसाच्या तीन नोंदी तुमच्याकडे ‘व्हेरिफाइड’ कशा, एवढंच विचारलं. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं.

नवव्या दिवशी तिन्ही नोंदी यादीतून गेल्या. आणि त्याच संध्याकाळी ‘शेठ’चा फोन आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून. आधी एक हजार देतो म्हणाला. मग दोन. काकांनी साडेचारवर मिटवलं.

माझं मत वेगळं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागतोच असं नाही, आणि आमच्या हातात रंग दिलेली स्प्रिंग होती. इतका स्वच्छ पुरावा मला फार कमी वेळा मिळाला आहे. मी काकांना तसं म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तारखांना तू जाशील, पण चहा तिथे कोण देणार?’ एकूण ७,९६९ गेले होते, ४,५०० परत आले. चौदा अक्षरी क्रमांकावर घेतलेल्या कराबद्दल मी जीएसटी खात्याला वेगळं लिहिलं आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

शटरवाल्याने जाताना सवयीने पिशवीतून छापा आणि रंगाचा डबा काढला होता. काकूंनी बाहेरून मारू दिला नाही, घराची शोभा जाते म्हणून. मग त्याने शटर खाली ओढलं आणि आतल्या बाजूने, गाडीच्या हेडलाइटसमोर, नंबर छापून दिला.

जुलैचं पान काकूंनी फाडलं नाही, ऑगस्टच्या मागे दुमडून ठेवलं. त्यावर अजून भर पडते. आठवड्याला एखाद-दुसरा फोन येतोच, बहुतेक गाडी धुणाऱ्यांचे.